बसा की अप्पा, सोडतो

ज्या अंकात पानाआड पान मिठाईच्या जाहिराती असतात, त्यात शुगरवर लेख लिहायला मला सांगावं, हा संपादकांचा विनोद आहे की भाबडेपणा, हे मला अजून कळलेलं नाही. लेख मागायला ते बीदरला लागून असलेल्या आमच्या नौबादच्या घरी आले, तेही बुंदीच्या लाडवांचा पुडा घेऊन. मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. तो त्यांनी तोंड वाकडं न करता शेवटपर्यंत प्यायला, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. बीदरहून जनवाड्याच्या वाटेनं पुढं गेलं की एक बरंच मोठं गाव लागतं, तिथं नोकरीची शेवटची वर्षं काढली. बाळंतपणं, लसी, विंचू-साप सगळं करून झाल्यावर सरकारनं माझ्या ताब्यात एक खोली दिली आणि दारावर शुगर-बीपीची पाटी लावली. त्या दिवसापासून गाव माझं नाव विसरलं. "शुगरच्या सिस्टर हायत का?" असं विचारत लोक आत येत. माझी स्वतःची शुगर तेव्हा अगदी ठीक होती, पण नाव पडलं ते पडलं.

काम तसं अवघड नव्हतं. बोट टोचायचं, वजन घ्यायचं, बीपी बघायचं, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या द्यायच्या, पाय तपासायचे, आणि मग बोलायचं. बाकी कामांना काही ना काही यंत्र होतं. बोलायला मात्र मीच, आणि बोलून बोलून सांगायचं काय, तर चाला.

चालल्यानं शुगर कशी कमी होते हे मी तिथं रोज सांगायची, तसं इथंही सांगते. भाकरी खाल्ली की तिची रक्तात साखर होते. ही साखर रक्तातून मांसात शिरायला इन्सुलिन लागतं. शुगर झालेल्या माणसात ते कमी पडतं, नाहीतर असून त्याचं कुणी ऐकत नाही. घरातल्या म्हाताऱ्या सासऱ्यासारखं ते बोलत राहतं आणि सगळे आपापल्या कामात. पण माणूस चालायला लागला की मांडीचं, पोटरीचं मांस रक्तातली साखर ओढून घेतं, आणि रोज चाललं की इन्सुलिनचंही हळूहळू ऐकायला लागतं. म्हणून झालेली शुगर ताब्यात राहते. ज्यांच्या घराण्यात आहे, पोट सुटलंय, पण अजून झालेली नाही, त्यांची टळते, निदान लांबते. रोज अर्धा तास, सोबतच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या झपाट्यानं, असं मी सांगायची. त्यावर एक जण म्हणाला, "मला तर बसून बी गानं म्हनता येत न्हाई सिस्टर, मग बसलेलंच चालंल का?"

आमच्या भागाची खरी अडचण अशी, की इथं कामाशिवाय कुणी चालत नाही. रस्त्यानं उगीच हात हलवत निघालेला माणूस दिसला की लोक विचारतात, काय हरवलंय. शेतकऱ्यांना चाला म्हटलं तर ते दुखावत. "दिसभर रानातच असतो की आमी," म्हणत. रानात असत हे खरं. पण औताच्या जागी ट्रॅक्टर आला, पाण्याला मोटर आली, आणि मोटर चालू करायला मोबाइल आला. मालक बाभळीखालच्या बाजेवर पडून सगळं रान भिजवत होता.

जे चालायला तयार होते, त्यांचीही तऱ्हा वेगळी. गुलबर्ग्याचे एक तूरडाळीचे व्यापारी सासुरवाडीला आले की माझ्याकडे बोट पुढं करत. त्यांनी घरात चालायचं यंत्र घेतलं होतं. "रोज वापरतो सिस्टर," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. पुढं त्यांच्या बायकोनं सांगितलं, पावसाळ्यात त्याच्यावर कपडे फार छान वाळतात. गावातल्या रिटायर मास्तरांनी तर फिरायचा ग्रुपच काढला. सकाळी निघून फाट्यावरच्या हॉटेलपर्यंत जायचं, तिथं चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीभजी खायची, आणि दमणूक झाली म्हणून ऑटोनं परत यायचं. थोड्याच दिवसांत सगळ्यांची वजनं वाढली. गैरहजर मात्र कुणी राहिलं नाही.

ही सगळी हलकी मंडळी. मला खऱ्या अर्थानं कामाला लावलं ते वीरशेट्टी अप्पांनी.

अप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. तूर-उडदाचा व्यापार, भरपूर रान, दोन कर्ते मुलगे, दारात पांढरी गाडी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. ग्रामपंचायतीचे ते जुने अध्यक्ष, आणि दोन गोष्टींसाठी पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. एक म्हणजे त्यांनी घरोघरी संडास बांधायला लावले. नुसते बांधून लोक वापरत नाहीत म्हटल्यावर शिट्ट्यांचं पथक काढलं. हातात डबा घेऊन सकाळी रानाकडं निघालेला माणूस दिसला की पथकानं शिट्टी वाजवायची, आणि तो लाजून घरी फिरेपर्यंत वाजवत राहायची. दुसरी गोष्ट म्हणजे नवस. बसवण्णांना मानणाऱ्या घरातले असल्यानं नवस-सायासांवर त्यांचा राग. कुणी नवस फेडायला निघालं की अप्पा त्याला कट्ट्यावर बसवून तासभर समजावत. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा, कारण अप्पांच्या पायानं पुढं या दोन्हींचीच परीक्षा घेतली.

अप्पा माझ्या खोलीत आले तेव्हा त्यांची शुगर बरीच वर होती. सोबत त्यांच्या पत्नी महानंदाअक्का होत्या. अप्पांचे वडील शुगरनंच गेले, गुलबर्ग्याला त्यांचा पाय काढला होता, हे अक्कांनी सांगितलं. अप्पा भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे बघत राहिले.

मी त्यांचे पाय तपासायला घेतले. आमच्याकडे एक बारीक नायलॉनची तार असते. रोग्यानं डोळे मिटायचे, आपण तार तळपायाला टेकवायची, आणि कळलं की त्यानं सांगायचं. अप्पांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "लावा की सिस्टर, किती वेळ?"

मी केव्हाची लावत होते. अक्कांनी ते बघितलं आणि पदर तोंडाला धरला. शुगर बरीच वर्षं अंगात मुरली की पायाची जाण जाते. काटा मोडला, चटका बसला, चपलेत खडा राहिला, काही कळत नाही. मग जखम होते, ती चिघळते, आणि माणसाला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मी अप्पांना सगळं समजावलं. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा. चप्पल झटकून घालायची, रात्री अक्कांनी तळपाय बघायचा. उपाशी पोटी गोळी घेऊन चालायचं नाही. पूजा झाली की भाकरीचा तुकडा खाऊन निघायचं, आणि शुगर एकदम उतरली तर असू द्यावा म्हणून सोबत गुळाचा खडा ठेवायचा. अप्पा मान डोलावत होते. मोठी माणसं मान डोलावतात तेव्हा मला भीती वाटते.

पुढच्या वेळी शुगर तेवढीच. मी विचारलं, "अप्पा, चालणं नाही का सुरू केलं?"

"केलं की. पर मला चालू देतंय कोन?"

मग त्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. घरातून माळावरच्या महादेवाच्या देवळापर्यंत जायचं त्यांनी ठरवलं होतं. वेशीपाशी पोचले की पहिली मोटारसायकल थांबायची. "बसा की अप्पा, सोडतो." नको म्हटलं की तो खाली उतरायचा. "आमच्या गाडीवर बसना का? काय चुकलं आमचं?" आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला रस्त्यानं चालत ठेवून पुढं जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. म्हणून अप्पा बसायचे. तो त्यांना देवळाच्या पायरीशी सोडायचा. परतीला दुसरा तयारच असे. अप्पांचा रोजचा व्यायाम म्हणजे गाडीवर चढणं आणि उतरणं.

"सांगा की त्यांना, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून," मी म्हणाले.

"म्हंजी मला शुगर हाय अशी दवंडी पिटू? पंगतीत माझ्या पानावर पुरनाची होळगी वाढताना लोकांचा हात आखडंल."

"ती तशीही खायची नाहीये."

"खायची न्हाई ते निराळं. वाढायला तर पायजे की."

मधल्या काळात गावात दुसरीच चर्चा सुरू झाली. अप्पा रोज पायी निघतात, गाडी दारात उभी, म्हणजे मुलांनी किल्ली काढून घेतली असणार. दोन्ही मुलगे माझ्याकडे येऊन गेले. "सिस्टर, अप्पाला घरातल्या घरात चालायला सांगा. लोक आमाला कसं बी बघायलेत," म्हणाले. धाकटा तर वडिलांच्या मागं पांढरी गाडी हळूहळू चालवत जायला तयार होता, म्हणजे लोकांना गाडी दिसली असती.

त्यानंतर काही आठवडे अप्पा आलेच नाहीत. मग आले ते हसत. शुगर उतरली होती, वजन जरा कमी होतं. "आता कुनी थांबवत न्हाई," एवढंच म्हणाले. युक्ती विचारली तर मिशीत हसले. मला आनंद झाला. आमच्या धंद्यात शुगर उतरणं म्हणजे नातवाचा पहिला नंबर येणं. मी त्यांचं कौतुक केलं, खोलीतल्या बाकीच्यांना त्यांचं उदाहरण दिलं, आणि ते उठून वजनकाट्याकडे निघाले. फरशी नुकतीच पुसलेली होती. ती वाळत आली होती, पण अप्पांच्या डाव्या पावलामागं दर वेळी एक ओला ठिपका उमटत होता.

मी त्यांना बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. तळव्याला करंगळीच्या बुडाशी जखम होती, आत बाभळीचा काटा मोडलेला, आणि वासावरून तो बऱ्याच दिवसांचा होता.

"दुखत न्हाई हो सिस्टर," अप्पा अभिमानानं म्हणाले.

"तेच तर वाईट आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "चप्पल कुठं होती?"

अक्का बोलल्या. "चप्पल कुठली? अनवानीच जायलेत की. मला म्हनले, सिस्टरनीच आता तसं सांगितलंय, आन् तळपाय बी बघू देत न्हाईत."

मग अप्पांची युक्ती बाहेर आली. माळाच्या महादेवाला नवस फेडायला निघालेल्या माणसाला आमच्याकडे कुणी गाडीवर बस म्हणत नाही. त्याचा नवस मोडायचं पाप कोण घेणार. हे अप्पांना ठाऊक होतं, कारण नवसाच्या विरुद्ध भाषण करताना याच गोष्टी ते सांगत. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, नवस आहे. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "चपला घालून कसला नवस, अप्पा?" अप्पांनी तिथंच चपला काढल्या. ज्या माणसानं जन्मभर नवसाची टिंगल केली, तो खोट्या नवसासाठी खरा अनवाणी चालत होता. लोक वाट सोडून बाजूला उभे राहत, काही जण पाया पडत.

त्याच दुपारी त्यांना बीदरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी डावा पाय जमिनीला टेकवू नका असं बजावलं. मुलांनी अप्पांना दोन्हीकडून उचललं आणि गाडीकडे नेलं. वाटेत गावातले आणखी चौघे हात लावायला धावले. अप्पांचा सदरा वर गेला होता, गळ्यातलं लिंग एका बाजूला लोंबत होतं, आणि ते कुणाकडेही बघत नव्हते. मी सोबत बसले. गाडी जनवाडा ओलांडून गेली तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"माझ्या बापाचा पाय काडल्यावर लोकांनी त्याला लई जपलं बघा सिस्टर. अंगनात न्ह्यायचं तर उचलून, लगनाला न्ह्यायचं तर उचलून. त्यो म्हनायचा, आरं मला कुबडी द्या, मी जातो. कुनी ऐकलं न्हाई. सगळ्यांना वाटायचं, आमी असताना म्हाताऱ्यानं कामून तरास घ्यायचा. मरस्तोवर त्याचा पाय काय भुईला लागला न्हाई." मग म्हणाले, "मला उचलू नका म्हनावं पोरांना. पाय ऱ्हावू द्या."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत शेकडो लोकांना मी चाला म्हणाले होते. चालणं म्हणजे शुगर उतरणं, वजन घटणं, एवढंच माझ्या डोक्यात. एखाद्या माणसाला चालणं म्हणजे काय वाटत असेल, हे त्या दिवशी गाडीत कळलं.

डॉक्टरांनी कौशल्यानं काम केलं. करंगळी गेली, पाय राहिला. ड्रेसिंगला अप्पा माझ्याकडे येत. ज्यांनी चालावं म्हणून मी वर्षभर घसा कोरडा केला होता, त्यांना आता अजिबात चालू नका म्हणून घसा कोरडा करत होते. खुर्चीत बसल्या बसल्या हाताचे, मांड्यांचे व्यायाम दिले. पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलायला लावल्या. अप्पा ते दार लावून करत, कारण माजी अध्यक्ष बाटल्या उचलताना दिसणं बरं नव्हे. जखम पुरी भरली, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, आणि बीदरहून मऊ तळव्याची खास चप्पल आणली. काळी, जाड, रुंद. अप्पा तिला म्हैस म्हणत.

आता चप्पल आली म्हणजे नवस गेला. शुगर तर सगळ्या गावाला कळली होती, तेव्हा लपवायचंही काही राहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे. अप्पा आता सरळ सांगतील, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्यांनी सांगितलंही. पण गावाचं प्रेम दुप्पट झालं. पूर्वी फक्त वडीलधारे होते, आता पायानं अधू. "डॉक्टर काय बी सांगतेत अप्पा, तुमी बसा," म्हणत लोक त्यांना दंडाला धरून गाडीवर चढवू लागले. एकानं तर ट्रॅक्टर थांबवला. अप्पांची शुगर पुन्हा चढायला लागली.

एक दिवस ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "सिस्टर, मला हे लोक बापासारखंच करनार."

तोडगा माझ्याकडे नव्हता. तो अक्कांनी काढला. त्या शेजारच्या बाकावर शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्या खोलीत त्या कधी मोकळ्या हातानं आल्या नाहीत. मान वर न करता म्हणाल्या, "पूर्वी डबा घिऊन निघालेल्या मानसाला कुनी बस म्हनत हुतं का?"

बाई खरं बोलत होत्या. पाण्याचा डबा हातात घेऊन सकाळी निघालेल्या माणसाकडे आमच्याकडे कुणी बघत नाही. समोरून आला तर लोक मान वळवतात, गाडीवाला वेग वाढवतो. हाक मारत नाहीत, थांबवत नाहीत, गाडीवर बस तर मुळीच म्हणत नाहीत. आणि खरं सांगायचं तर, गावातला म्हाताऱ्यांचा सकाळचा जो काही व्यायाम होता, तो या डब्यामुळंच होता. लांबच्या रानापर्यंत जाणं, उकिडवं बसणं, उठणं, परत येणं. अप्पांनी घरोघरी संडास बांधले आणि गाव निरोगी केलं, हे खरंच. पण गावाचं चालणंही त्यांनीच बंद केलं होतं.

अप्पा लाल झाले. "तुला काय अक्कल हाय का? मी डबा घिऊन जाऊ? मी?"

"नगा जाऊ," अक्का म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. "पोरं हायतच उचलायला."

अप्पा तडक उठून गेले. दोन दिवस ते अक्कांशी बोलले नाहीत, असं कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टीलचा कडीचा डबा हातात धरून, पायात म्हैस घालून, मान खाली घालून ते वेशीतून बाहेर पडले. एकही गाडी थांबली नाही.

पूजा आणि भाकरीचा तुकडा आटोपून निघायचं म्हणजे ऊन चांगलं वर आलेलं असे. डबा घेऊन जायची ती वेळच नव्हे. त्यामुळे लोकांनी अर्थ लावला, अप्पांचं पोट बिघडलंय. अक्कांकडे शेजारणी हळूच चौकशी करू लागल्या. कुणी डाळिंबाची साल पाठवली, कुणी दहीभात. अक्का सगळं घेत आणि काही खुलासा करत नसत. मी अप्पांना म्हणाले, लाज वाटते का. म्हणाले, "वाटती की. पर चालतोय."

आणि मग गफारभाईंनी त्यांना पकडलं. गफारभाई पंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते आणि शिट्टी पथकात मूळपासूनचे. अप्पांनीच त्यांच्या गळ्यात शिट्टी घातली होती आणि सांगितलं होतं, माझा बाप जरी असला तरी वाजव. ही हकीकत मला दोघांकडून वेगवेगळी ऐकायला मिळाली, पण मुख्य गोष्टी जुळतात. तुरीच्या रानाच्या आडून गफारभाई शिट्टी वाजवत आले, डबेवाला माणूस पळेना म्हणून जवळ गेले, आणि बघतात तर अध्यक्ष.

शिट्टी तोंडातच राहिली. "अप्पा, तुमी? अब मैं क्या करूं बोलो. तुमीच बोले थे, बाप होयतो भी बजाना."

"वाजव की मग," अप्पा म्हणाले.

"घर में संडास है ना अप्पा तुमारे. दो-दो हैं."

अप्पांनी डब्याचं झाकण काढलं. आत पाणी, आणि झाकणाच्या वाटीत गुळाचा खडा. गफारभाईंना काही उमगेना. तेव्हा अप्पांनी डबा तोंडाला लावला आणि त्यातलं पाणी घटाघटा प्यायले. गफारभाई सांगतात, मला वाटलं मोठ्या माणसाचं डोकं गेलं. मग दोघं बांधावर बसले आणि अप्पांनी त्यांना सगळं सांगितलं: तार, काटा, करंगळी, आणि वडील. गफारभाईंनी अप्पांच्या वडिलांना पाहिलेलं होतं. लहानपणी त्यांना उचलणाऱ्यांत त्यांचेही वडील असत.

त्यानंतर शिट्टीचा उपयोग बदलला. अप्पांशेजारी एखादी नवखी गाडी हळू झाली, की कुठून तरी गफारभाईंची शिट्टी वाजे आणि गाडीवाला दचकून पुढं निघून जाई. डब्याचं खरं कारणही गफारभाईंकडूनच हळूहळू गावभर झालं. अप्पांची शुगर सावकाश उतरत गेली. डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली. बंद केली नाही, आणि अप्पांनीही आपल्या मनानं केली नाही. दर वेळी मी पाय मांडीवर घेऊन बघायची. चार बोटांचा तो पाय स्वच्छ, कोरडा असे. तो बघून मला जितका आनंद झाला, तितका माझ्या नोकरीत क्वचित झाला असेल.

माझ्या निरोपाच्या दिवशी शुगरच्या खोलीत पेढ्यांचे इतके पुडे आले की वजनकाटा दिसेना. शाली झाल्या, भाषणं झाली. अप्पांचा धाकटा मुलगा पांढरी गाडी घेऊन उभा होता. "सिस्टर, बसा. नौबादपत्तोर सोडतो."

अप्पा मधे आले. "सिस्टर फाट्यापत्तोर चालत येतील. तिथनं बसतील."

"अप्पा, मला सवय नाही हो," मी म्हणाले.

"म्हाईत हाय. इतक्या वर्सांत तुमी स्कुटीवरनं खाली उतरलेल्या दिसल्याच न्हाई."

मग आम्ही निघालो. मी नव्या रेशमी साडीत, अप्पा म्हैस घालून, हातात डबा. मागं पांढरी गाडी, तिच्यामागं गावातल्या मोटारसायकली, सगळ्या पहिल्या गिअरमध्ये घरघरत. ओलांडून जायची कुणाची छाती नव्हती. एकानं बाजूला येऊन "बसा की" म्हणायला तोंड उघडलं, तर गफारभाईंची शिट्टी वाजली. चढावर मला धाप लागली. अप्पा किंचित लंगडत होते, पण माझ्या पुढं होते. फाट्याआधी जरा उतार आहे. तिथं मुलानं गाडीतून उतरून त्यांचा दंड धरला. अप्पांनी न बोलता हात सोडवला आणि उतार एकटे उतरले.

मी गाडीत बसले तेव्हा अप्पांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला. "असू द्या. मला आता गरज न्हाई, आता लोकांना कळलंय. तुमाला लागंल."

लागला. रिटायर झाल्यावर वर्षाच्या आत माझी शुगर वर गेली. आईला होती, तेव्हा मला नवल वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटलं. आता रोज सकाळी नौबादच्या रस्त्यानं निघते. निम्मं बीदर ओळखीचं. "बसा की सिस्टर, सोडतो," म्हणून गाड्या थांबतात. सुरुवातीला मी एक-दोनदा बसलेसुद्धा. ते अप्पांना सांगितलेलं नाही. मग डबा काढला. इथं लोकांना वाटतं बाई दूध आणायला चालल्यात, का आणखी काय वाटतं कोण जाणे, पण थांबत कुणी नाही. आत पाणी असतं आणि गुळाचा खडा.

परवा अप्पांचा फोन आला.

"सिस्टर, चालायलाव का?"

"व्हय अप्पा. रोज."

"कुनी उचलून नेत न्हाई न्हवं?"

"न्हाई अप्पा."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि देवळाकडं निघायचंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.